पितरांकडे नोंद झाली होती

शुक्रवारी लामयाय इमिग्रेशनच्या कचेरीतून हात हलवत परत आला, आणि रविवारी दुपारी त्याचं काय करायचं ते ठरवायला घर जमलं. जेवल्याशिवाय या घरात आजवर काही ठरलेलं नव्हतं. जेवल्यावरही फारसं काही ठरल्याचं सेंगदाला आठवत नव्हतं. तरी तिनं सकाळपासून निखाऱ्यांवर सॉसेज भाजायला घेतले होते आणि चिकट भाताच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या.

लामयाय म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, दुआंगताचा मुलगा. पासपोर्टवर त्याचं नाव यस्पर, वय सत्तावीस, देश डेन्मार्क. बँकॉकच्या उत्तरेला, इथल्या लांफूनच्या बागांतली लामयायची फळं संपता संपता तो आला, म्हणून खामपेंग आजीनं पहिल्याच दिवशी त्याचं हे नाव ठेवून दिलं. दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला सुपारीएवढ्या फळाचं नाव शोभत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. नोकरी कोपनहेगनमधल्या कंपनीत होती, पण ती करायला कोपनहेगनला असण्याची गरज नव्हती. समुद्रातल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती कधी करायची, याचं वेळापत्रक तो मागच्या भाताच्या कोठारात बसून लावायचा. दुपारी तिकडे उजाडलं की इकडे लॅपटॉप उघडायचा.

भाषा त्याला आईनं शिकवली होती, आणि आई हे गाव सोडून गेली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. त्यामुळे हा दांडगा पोरगा जुन्या वळणाच्या लांफूनकर बाईसारखा बोलायचा. 'मी जाते', 'मी बसते', 'अगं बाई, उशीर झाला की.' बाजारातल्या भाजीवाल्या त्याला मुद्दाम बोलतं करायच्या आणि वर मिरच्या फुकट द्यायच्या.

सेंगदाला तो राहायला हवा होता, आणि त्यात प्रेम किती नि स्वार्थ किती हे तिनं स्वतःपासून लपवलं नव्हतं. इकडच्या रिवाजानं घर मिळतं धाकट्या मुलीला, आणि घराबरोबर म्हातारपणीचे आईबापही तिच्याच वाट्याला येतात. धाकटी डॅनिश माणसाचा हात धरून निघून गेली आणि तिच्या वाटची आई थोरलीच्या गळ्यात पडली. एवढी वर्षं आईचं सगळं लक्ष एकट्या सेंगदावर होतं. भाजी तिखट, लुंगी मळकी, चाल फताडी. लामयाय आला आणि ते लक्ष एकदम त्याच्याकडे वळलं. सेंगदा दोन महिन्यांत तीनदा केस कापायला जाऊन आली होती.

"तर मुद्दा असा," इन्तोन म्हणाला. तो सेंगदाचा भाऊ. गावाबाहेर त्याचा बॉक्सिंगचा आखाडा होता आणि तिथे विद्यार्थ्यांपेक्षा कोंबड्या जास्त असायच्या. "बॉक्सिंग शिकायला आलेल्या परदेशी माणसाला राहायला परवानगी मिळते. मी लिहून देतो की हा माझा शिष्य. प्रश्न मिटला."

"मामा, मी एकदा आले होते तुमच्याकडे," लामयाय म्हणाला. "दोरीवरच्या उड्या मारताना माझं नाक फुटलं गं बाई."

"दोरीला दोष देऊ नकोस. तू वर बघत होतास."

"बाबा, शिष्य म्हणून लिहून दिलंत तर रोज शिकवावंही लागेल," मिंत म्हणाली. ही इन्तोनची मुलगी. चियांगमाईत लॅपटॉपवाल्या परदेशी लोकांची कागदपत्रं करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ती काम करायची, त्यामुळे आज तिला वडीलधाऱ्यांसारखा मान होता आणि सॉसेजचा मोठा तुकडा मिळाला होता. "हल्ली येऊन बघतात. आमचा एक माणूस स्वयंपाक शिकण्याच्या नावावर राहत होता. त्याला अधिकाऱ्यानं विचारलं, करीत नारळाचं दूध कधी घालतात? तो म्हणाला, चहानंतर."

"मग लग्न," इन्तोननं माघार न घेता दुसरी बाजू धरली. "नूडल्सवाल्याची मुलगी काय वाईट आहे?"

"ती माझी मैत्रीण आहे. तिला डॅनिश नवरा नकोय, तिला डेन्मार्क हवंय. आणि हा तर तिथूनच पळून आलाय."

खामपेंग आजी इतका वेळ गालात आंबवलेल्या चहाच्या पानांची गोळी धरून गप्प बसली होती. आता तिनं गोळी या गालातून त्या गालात नेली, म्हणजे ती बोलणार हे सगळ्यांना कळलं.

"त्याला भिक्षू करा," ती म्हणाली. "मठात राहणाऱ्याला कोण हाकलतंय? त्याला राहायला मिळेल, मला पुण्य मिळेल. या घरातल्या एका पुरुषानं चीवर घेतलं होतं, ते नवव्या दिवशी भूक लागली म्हणून परत आलं."

इन्तोननं आपल्या ताटात बघितलं.

"आजी, त्याची नोकरी आहे," मिंत म्हणाली.

"सकाळी भिक्षा, दुपारी नोकरी. मठातलं इंटरनेट आपल्यापेक्षा चांगलं आहे, मोठे भंते स्वतः सांगत होते."

लामयाय या कल्पनेनं घाबरण्याऐवजी विचारात पडलेला बघून सेंगदानं त्याच्या पुढ्यात घाईघाईनं टोमॅटोची चटणी सरकवली. तिला तो घरात हवा होता. मठ कितीही जवळ असला तरी तो तिकडे गेला की आईचं लक्ष पुन्हा तिच्या तिखट भाजीकडे वळणार होतं.

"आता मी सांगू?" मिंतनं बोटांना लागलेला भात टोपलीच्या काठाला पुसला. "याच्यासारख्या माणसांसाठी सरळ रस्ता आहे. नोकरी बाहेरच्या देशात, पगार बाहेरच्या देशातून, राहायचं फक्त इथे. अशांना पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. नोकरीचं पत्र आहे, बँकेत शिल्लक आहे, सगळं आहे त्याच्याकडे. तो अर्ज देशाबाहेरून करायचा असतो. शेजारच्या देशात, व्हिएंतियानला जायचं, अर्ज करायचा, परत यायचं. तेवढ्यासाठी थोडी मुदत वाढवून घ्यायला तो शुक्रवारी गेला होता. अडलं कुठे? तर परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकानं लगेच इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्यांच्या लेखी हा अजून बँकॉकच्या त्या हॉटेलात आहे, जिथे पहिली रात्र झोपला. या घरात तो आलेलाच नाही."

"मग हे सॉसेज कोण खातंय?" आजीनं विचारलं.

"आजी, तू कळवलं का नाहीस?"

"कळवलं की."

"कुणाला?" मिंतनं विचारलं.

आजीनं हनुवटीनं आपल्या खोलीकडे खूण केली. उशाकडच्या भिंतीवर, वर छतालगत पितरांची फळी होती. तिथे फुलं होती आणि पाण्याची वाटी होती. "आला त्याच संध्याकाळी. उकडलेली कोंबडी, तांदळाची दारू, फुलं. दुआंगताचा मुलगा आलाय, आपलाच आहे, उंच आहे म्हणून दचकू नका, असं सगळं सांगितलं. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलंय."

"पितरांचं आणि पोलिसांचं ऑफिस अजून एक झालेलं नाही, आजी."

"तो त्यांचा ढिसाळपणा."

इन्तोनला मात्र भलतंच लागलं. "माझ्या मिंतबद्दल कधी सांगितलंस वर? कोंबडी जाऊ दे, अंडं तरी ठेवलंस?"

"मिंत तिच्या आईकडच्या पितरांची. तिकडे विचार. मुलीचं मूल ते आपलं, मुलाचं मूल सुनेच्या घरचं. हे तुला या वयात सांगायचं का?"

"म्हणजे डेन्मार्कहून आलेला हा घरचा, आणि चार गल्ल्यांवर जन्मलेली माझी पोरगी पाहुणी."

"पाहुण्यांना मोठा तुकडा देतो आम्ही," आजी शांतपणे म्हणाली. मिंतनं तोंडातला मोठा तुकडा पटकन गिळला आणि हसू लागली. तिच्यामागून लामयायही हसला, आणि घटकाभर असं वाटलं की आता सगळं सुरळीत होईल.

"तर उद्या काय करायचं," मिंत म्हणाली, "आजीनं माझ्याबरोबर कचेरीत यायचं. उशीर झाला म्हणून दंड होईल, तो किरकोळ असतो. आणि सही करायची की हा परका नागरिक माझ्या घरी राहतो. एवढंच."

"काय म्हणून सही करायची?"

"परका नागरिक."

आजीनं चहाच्या पानांची गोळी तोंडातून काढून केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळली. एवढं ती फक्त देवळात आणि भांडणात करायची. "मी नाही करणार," ती म्हणाली.

"आजी, तो नुसता सरकारी शब्द आहे."

"सरकारचा असेल. हात माझा आहे. पितरांना आपला म्हणून सांगायचं आणि सरकारला परका म्हणून लिहून द्यायचं, मग मेल्यावर वर गेले की तिथे काय तोंड दाखवू? एकाच पोराबद्दल दोन जबान्या?"

"बरोबर आहे आईचं," इन्तोन म्हणाला. पाहुणी ठरलेल्या मुलीची बाजू सोडून तो अचानक आईकडे का गेला, हे त्याचं त्यालाच माहीत. बहुधा बॉक्सिंगची आशा अजून होती.

मिंतनं डोकं धरलं. मग डोकं सोडून हलक्या आवाजात म्हणाली, "आणखी एक वाट आहे. परका लिहायला नको असेल तर परका नसल्याचं दाखवायचं. याची आई इथली आहे. आईकडून तो जन्मानंच इथला ठरू शकतो. मग व्हिसा नको, काही नको. पण त्यासाठी आईनं स्वतः आपली कागदपत्रं घेऊन यायला हवं. आणि आजीच्या शेजारी उभं राहून सांगायला हवं, की हा माझा मुलगा, आणि ही माझी आई."

सेंगदा निखारे सारखे करू लागली, जरी त्यांच्यावर भाजायला आता काहीच नव्हतं.

वडील गेले तेव्हा दुआंगता आली होती. गावातल्या हॉटेलात उतरली, चितेपाशी आईपासून चार माणसं सोडून उभी राहिली आणि परत गेली. आई 'घरी ये' म्हणाली नाही आणि तिनं 'येऊ का' विचारलं नाही. दोघी सारख्याच हट्टी, सारख्याच बसक्या नाकाच्या. मध्ये उभं राहून रडण्याचं काम सेंगदाकडे होतं, तेही तिनं दोघींच्या वाटचं केलं.

शांतता इन्तोनला कधीच सोसायची नाही. "इथला ठरला तर सैन्यभरतीची सोडत आहे की," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये हात घालून चिठ्ठी काढावी लागेल. काळी आली तर घरी, लाल आली तर बराकीत. पोराला विचारा तरी."

"तुझी लाल आली होती आणि तू चिठ्ठी हातात धरून आडवा झालास," सेंगदा म्हणाली. "चौघांनी उचलून आणला."

"ऊन होतं, ताई."

"मांडव होता."

लामयायनं दोघांकडे बघितलं. "मी काढते चिठ्ठी," तो म्हणाला. "मला त्याचं काही नाही. पण आईला मी कसं सांगू? ती म्हणेल, मला बोलवलंय का? आणि तिला कुणी बोलवलेलं नाही." हे तो कुणाला लावून बोलला नव्हता. त्याला तसं बोलता येत नसे. तो नुसता खरं बोलत होता, आणि म्हणून ते जास्त लागलं.

आजी दाराबाहेर बघत होती. तिथे भात पिवळं पडायला लागलं होतं.

"मग एकच उरलं," मिंत नाइलाजानं म्हणाली. "चियांगमाईत एखाद्या इमारतीत खोली घ्यायची. तिथले मॅनेजर असल्या नोंदी रोज करतात, पंधरा देशांचे लोक राहतात. आमच्या ऑफिसजवळच आहे. उद्याच सोय होईल. रविवारी येईल तो इकडे जेवायला."

"हे बरं," इन्तोन म्हणाला. "म्हणजे कुणी काही लिहायला नको."

लामयायनं हातातली भाताची गोळी टोपलीत परत ठेवली आणि झाकण लावलं. "मी जाते मग," तो म्हणाला. "आजीला त्रास नको बाई माझ्यामुळे."

त्याचं ते 'बाई' ऐकलं आणि सेंगदाच्या अंगाचा तिळपापड झाला. राग नेमका कुणाचा आला ते तिला कळलं नाही, पण तो पुष्कळ दिवसांचा होता. ती चुलीपासून उठली, कोपऱ्यातली वेताची मोठी पाटी उचलून आणली आणि जेवणाच्या मधोमध आदळली. पाटीत सोललेला लसूण होता, काठाशी दोन-चार अख्खे गड्डे. शिगोशीग.

"हे काय आहे?" तिनं आईला विचारलं.

"लसूण आहे. दिसत नाही का?"

"एवढा लसूण अख्ख्या लांफूनला लागत नाही. हा पोरगा आल्यापासून दर रविवारी संध्याकाळी तू कोठाराच्या खिडकीखाली लसूण सोलत बसतेस. इतर दिवशी तुझी बोटं दुखतात. रविवारी दुखत नाहीत, कारण रविवारी तो आत आईशी फोनवर बोलत असतो. पाकळी सोलून झाली तरी तू हलत नाहीस. गेल्या रविवारी अंधार पडला, डास फोडून काढत होते, मी हाक मारली तर मला हातानं गप्प केलंस. ती खोकली होती फोनवर, आणि तुला ऐकायचं होतं की औषध घेतलं का."

मिंतनं बापाचा हात धरला, कारण त्याचं तोंड उघडायच्या बेतात होतं.

"मला हे घर नको आहे, आई," सेंगदा म्हणाली. आवाज चढवायचा तिचा विचार होता, पण तो खाली आला. "कधीच नको होतं. हे तिचं आहे, तिनं यावं आणि तुझी निम्मी बोलणी खावीत. मी एकटीनं पुष्कळ खाल्ली. आणि हा गेला ना, तर मी सॉसेज करायचे बंद करीन. मग सोल तू लसूण आणि घाल कुठे घालायचा तिथे."

धमकी तिची तिलाच फुसकी वाटली. ती खाली बसली. लामयायच्या कानांचे शेंडे लाल झाले होते. आजी खिडकीखाली असते हे त्याला माहीत नव्हतं. दर रविवारी तो आईला मोठ्यानं, सविस्तर सांगत आला होता की आजी कशी घोरते.

आजीनं पाटीतली एक पाकळी उचलली, नखानं तिच्या बुडाशी राहिलेलं साल काढलं आणि परत टाकली.

"घेतलं का औषध?" तिनं विचारलं.

"हो, आजी," लामयाय म्हणाला. "आता बरी आहे ती."

"तिकडे आत्ता किती वाजलेत?"

"सकाळ आहे. उठली असेल."

आजीनं हात पुढे केला. तो हात कशासाठी आहे हे पहिल्यांदा मिंतला कळलं. तिनं लामयायच्या बरगडीत कोपर मारलं. त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि तो आजीच्या तळहातावर ठेवला. आजीनं फोन गरम टोपलीसारखा दोन्ही हातांत धरला.

"काय रे बाळा, आज लवकर?" फोनमधून दुआंगताचा आवाज आला. तीच जुनी लांफूनची बोली. "जेवलास का? मावशीनं सॉसेज केले का आज?"

आजीनं फोन लामयायकडे थोडा सरकवला. सेंगदाला वाटलं आता ती फोन परत देणार, आणि मग सगळं संपलं.

"केलेत," आजी म्हणाली. "लसूण जास्त पडलाय त्यात."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. चमचा असावा.

"आई?"

"तुझ्या पोराला परका म्हणून लिहून मागताहेत माझ्याकडून," आजी म्हणाली. ती फोनवर ओरडून बोलायची, डेन्मार्क लांब आहे म्हणून आणखीच ओरडत होती. "माझा हात उठत नाही. तू ये आणि सांग त्यांना तो कुणाचा आहे ते."

"येते," दुआंगता म्हणाली. मग तिनं विचारलं, "कुठे उतरू?"

"कुठे म्हणजे? तुझ्या खोलीत. पोराला कोठारात टाकू, त्याचं तसंही सगळं तिथेच असतं."

एवढं बोलून आजीनं फोन सेंगदाच्या हातात कोंबला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. चालताना तिनं कुणाचा आधार घेतला नाही. फळीवरची जुनी फुलं तिनं काढली, दारातल्या चमेलीची चार तोडून ठेवली, हात जोडले. कोंबडी नंतर देईन म्हणाली, आज सॉसेजवर भागवून घ्या. भिंत लाकडाची होती, सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"धाकटी येतेय," आजी वर सांगत होती. "आल्यावर तिला कुणी काही बोलायचं नाही." जरा वेळानं म्हणाली, "मीसुद्धा नाही."

"ताई," फोनमधून दुआंगता म्हणाली, "ती खरंच बोलली का गं?"

"लसणाबद्दल बोलली," सेंगदा म्हणाली, आणि तिला रडू आलं. या खेपेला ते एकटीच्या वाटचं होतं, त्यामुळे लवकर आवरलं.

आजी परत येऊन बसली. मिंतनं चाचरत सांगितलं, की आई येईपर्यंत त्याला याच घरात राहायचं तर उद्या कचेरीत तेवढी सही तरी—

"येते," आजी म्हणाली. "ती येईपर्यंत लिहा परका. ती आली की खोडायला लावीन. आणि जाताना मला त्या चौकातली नूडल्स खायला घाल, उपाशीपोटी मी खोटं बोलत नाही."

इन्तोननं विचारलं की सोडतीच्या आधी निदान थोडं बॉक्सिंग शिकला तर, आणि मिंतनं त्याच्या तोंडात सॉसेज घातला. लामयायनं टोपलीचं झाकण परत काढलं.

आजीनं सवयीनं लसणाची पाटी जवळ ओढली. काठाचा एक न सोललेला गड्डा हातात घेतला. मग त्याच्याकडे बघितलं, पाटीत टाकला आणि पाटी पायानं सेंगदाकडे सरकवली.

"हे तू सोल आता," ती म्हणाली, आणि फोनसाठी हात पुढे केला. "मला बोलायचंय."